दोन मिलिमीटरवरची ओढ

मला निवृत्त व्हायला सहा-सात महिने राहिले होते आणि खरं सांगायचं तर मी कंटाळलो होतो. शिकवून कंटाळलो होतो, पेपर तपासून कंटाळलो होतो, कमिटी येणार म्हणून फायलींना नवी कव्हरं चढवून कंटाळलो होतो. सगळ्यात जास्त कंटाळलो होतो तो कॉलेजच्या तळघरातल्या पेटीला. बावीस वर्षं ती पेटी मी वागवत होतो. बायको पूर्वी तिला माझी सवत म्हणायची, पुढं तेही तिनं बंद केलं. ‘तुमचं ते लोंबतंय का अजून?’ एवढंच विचारायची, भाकरी उलटता उलटता, आणि उत्तराला थांबायची नाही.

पेटी म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, कारण अख्ख्या कोल्हापुरात ते मला कुणाला धड सांगता आलेलं नाही. जगात चार मूळ बलं आहेत. वीज आणि चुंबक मिळून एक, अणूच्या पोटात चालणारी दोन, आणि चौथं गुरुत्वाकर्षण, ज्यानं आपण जमिनीला धरून आहोत. ही चारही मुळात एकच आहेत हे दाखवायचं, यासाठी जगातली हुशार माणसं कितीतरी वर्षं डोकं फोडून घेतायत. तिघांचं एकमेकांशी बरंचसं जमतं. गुरुत्वाकर्षण मात्र जवळ येत नाही. सातबाऱ्यावर तीन भाऊ सह्या करायला तयार आहेत आणि चौथा फोनच उचलत नाही, असं मी वर्गात सांगायचो. पोरं हसायची, कारण प्रत्येकाच्या घरात असा एक चुलता असायचाच.

त्यात हा चौथा फार दुबळा. फ्रीजवरचं चुंबक टाचणी उचलतं, तेव्हा खालून अख्खी पृथ्वी तीच टाचणी ओढत असते, आणि पृथ्वी हरते. असं का, याचं काहींनी एक उत्तर सुचवलं आहे. त्यांच्या मते गुरुत्वाकर्षणाची ओढ आपल्याला न दिसणाऱ्या दिशांमध्ये गळून जाते. तसं असेल तर दोन वस्तू अगदी जवळ आणल्यावर ओढ नेहमीच्या नियमापेक्षा जास्त भरली पाहिजे. ती जादा ओढ कुणी मापली तर चौथा भाऊ निदान दाराशी आला म्हणायचा. बाहेरच्या देशांतल्या मोठ्या प्रयोगशाळांनी केसाच्या जाडीइतक्या अंतरापर्यंत मापून बघितलंय, त्यांना काही सापडलेलं नाही. मी कोल्हापुरात दोन मिलिमीटरवर मापत होतो.

हसायचं तर हसा, मीसुद्धा हसतो. पण एक बाजू सांगितली पाहिजे. तरुणपणी मी पुण्याच्या एका संस्थेत याच विषयाच्या गणितात पीएच.डी. करायला गेलो होतो. तीन वर्षांत त्या गणितानं मला दारातनं बाहेर काढलं. वडील आजारी पडले म्हणून परत आलो असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. वडील ठणठणीत होते, रोज तालमीकडं चक्कर मारून यायचे. माझ्याबरोबरचा मित्र तिथंच राहिला, मोठा झाला, परदेशात व्याख्यानं द्यायला लागला. इथं नोकरी लागल्यावर मी मनाशी ठरवलं की गणित नाही तर नाही, आपण हातानं मापू. मापायला काय, हात सगळ्यांना सारखेच असतात.

हात माझे नव्हते म्हणा, मामांचे होते. मामा म्हणजे आमच्या विभागाचे शिपाई. कॉलेजात प्राचार्यांपासून पोरांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. राहायला गडमुडशिंगीला, वयानं माझ्याच बरोबरीचे. शिपाई व्हायच्या आधी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत ते दहा वर्षं कामाला होते, साच्यात वाळू भरायची आणि ओतकाम करायचं. पेटीतली चारही पितळी वजनं त्यांनी तिथल्याच जुन्या दोस्तांकडून ओतून घेतली, लेथवर फिरवून आणली आणि सहा महिने स्वतः घासली. एक वजन मी तीनदा परत पाठवलं. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, सर, पोरगीसुद्धा मी एवढी बघून देणार न्हाय.

पेटी सागवानी चौकटीची, चारही बाजूंना काच आणि आतून तांब्याची दाट जाळी, लेझरपुरतं भोक सोडलं तर बाहेरून आतलं धड दिसायचं नाही. मधोमध एका बारीक तारेला आडवी दांडी टांगलेली, तिच्या दोन टोकांना दोन वजनं. त्यांच्या समोर दोन घट्ट बसवलेली वजनं, बाहेरच्या मुठीनं पुढं-मागं होणारी. मूठ फिरवून घट्ट वजनं दोन मिलिमीटरपर्यंत आणली की टांगलेली वजनं त्यांच्याकडं ओढली जायची आणि तार किंचित पिळायची. दांडीवरच्या आरशातून लेझरचा लाल ठिपका भिंतीवरच्या आलेखकागदावर पडायचा आणि तार पिळली की सरकायचा. हिशेबानं तो साडेचार घरं सरकायला पाहिजे होता. त्यापेक्षा जास्त सरकला तर माझं काम झालं.

हे मापायचं सोमवारी, पहाटे सहा ते आठ. सोमवारी कारखान्यांना सुट्टी, रस्त्यावर अवजड गाड्या कमी. उसाचा हंगाम सुरू झाला की तीही शांतता नाही. दोन ट्रॉल्या आणि कर्णा लावलेला एक ट्रॅक्टर दूर हमरस्त्यावरनं गेला तरी ठिपका भिंतीवर थयथयाट करायचा आणि आम्ही तो शांत व्हायची वाट बघत अर्धा तास बसायचो. मूठ मी फिरवायचो. माझी नजर अधू, म्हणून ठिपका मामा वाचायचे.

किती, असं मी विचारायचो. साडेचार, असं ते सांगायचे आणि वहीत लिहायचे. जादा हाय काय, असं मी विचारायचो. न्हाय सर, असं ते सांगायचे. बावीस वर्षं दर सोमवारी हे एवढंच बोलणं. मधे दोघांचे केस पांढरे झाले, त्यांच्या दोन मुली नांदायला गेल्या, माझा मुलगा बेंगळुरूला गेला. ठिपका साडेचारावर.

शेवटच्या वर्षी दसऱ्याच्या आधी माझ्या मेहुणीबाई आजऱ्याला पाय मोडून पडल्या, म्हणून आम्ही नवरा-बायको चार दिवस तिकडं जाऊन आलो. परत आल्यावर सहामाही परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी. पेटीकडं मी महिनाभर फिरकलो नाही आणि फिरकावंसं वाटलंही नाही. प्राचार्यांनी तोपर्यंत सांगून टाकलं होतं की मी गेल्यावर जूनमध्ये तळघरात मुलींसाठी जिम करायची आहे. मी बरं म्हणालो. एवढ्या वर्षांनी भांडायलासुद्धा अंगात जोर लागतो.

दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी मी मूठ फिरवली आणि किती, म्हणून विचारलं. पुन्हा विचारलं. मामा भिंतीच्या आणखी जवळ गेले, चष्मा पुसला.

“पावणेसहा,” ते म्हणाले.

मी म्हटलं नीट बघा. त्यांनी नीट बघितलं. वजनं मागं नेली, पुन्हा आणली. पावणेसहा. आठ वाजेपर्यंत सात वेळा केलं आणि सातही वेळा ठिपका पावणेसहाच्या आसपास गेला. जादा हाय काय हे मी विचारलंच नाही. मामांनीच सांगितलं, “हाय सर. यंदा हाय.” हे सांगताना त्यांचा चेहरा मी बघितला. मुलीच्या लग्नातसुद्धा त्यांना एवढं खूश मी बघितलं नव्हतं.

मी काही अगदीच खुळा नाही. जगातल्या मोठ्या प्रयोगशाळांनी माझ्यापेक्षा कितीतरी कमी अंतरावर काही नाही म्हणून सांगितलेलं, ते मला दोन मिलिमीटरवर सापडणार नाही हे मला कळत होतं. म्हणून मी चूक शोधायला लागलो. चार महिने शोधली. पेटीतला विद्युतभार जमिनीत सोडणारी अर्थिंगची तार तपासली. लोखंडाचा कण कुठं चिकटलाय का म्हणून बाहेरून चुंबक फिरवून बघितलं. आवारात नवी बोअर मारली होती, तिच्या पाइपांची ओढ किती होईल ते काढलं. गच्चीवर नवी टाकी बसली होती, तिच्यातल्या पाण्याची ओढसुद्धा काढली. वरच्या खोलीतला एसी बंद करायला लावला, तेव्हा संगणकवाल्या बाई माझ्याशी पंधरा दिवस बोलत नव्हत्या. तळघरात शाली पांघरून बसलो, शाली काढून बसलो. ठिपका पावणेसहावर.

एकच गोष्ट मला खटकत होती. हवा कोरडी असली की ओढ जास्त भरायची, दमट असली की थोडी कमी. मार्चमध्ये एकदा वळीव पडून गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मामांनी सव्वापाच सांगितले. गुरुत्वाकर्षणाला पावसाचं काय पडलंय, हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या पोरानंसुद्धा विचारला असता. मी वहीत ‘हवामानाचा परिणाम, तपासणे’ असं लिहिलं आणि पान उलटलं. त्या दिवशी मी का उलटलं ते आता कळतं. मला ते तपासायचंच नव्हतं.

तोवर माझ्या मनानं उचल खाल्ली होती. बाहेरून मी शंका काढत होतो आणि आतून उकळ्या फुटत होत्या. जाताना हात रिकामे नकोत, एवढंच मला पाहिजे होतं. बक्षीस नको होतं, परदेशातली व्याख्यानं नको होती. पुण्याहून हाकललेल्या माणसानं कोल्हापुरात बसून काहीतरी मापलं, एवढं एक वाक्य कुणीतरी म्हणावं. साठीला आलेल्या माणसाला हे सांगायची लाज वाटते, पण तेच खरं. बायकोलाही वारं लागलं. एका सोमवारी ती स्वतः तळघरात उतरली, ठिपका सरकताना बघितला, एवढंसंच होय, म्हणाली, आणि घरी जाऊन पुरणपोळ्या केल्या.

मार्चच्या शेवटी मी लेख लिहायला घेतला. इंग्रजीत, नऊ पानांचा. लेखकांच्या जागी आधी माझं नाव टाकलं, मग बराच वेळ बसलो, आणि खाली मामांचं नाव टाकलं. शिपायाचं नाव लेखावर घालत नाहीत, फार तर शेवटी आभार मानतात. मी म्हटलं गेले खड्ड्यात सगळे, बावीस वर्षं ठिपका कुणी वाचला? मामांना पहिलं पान छापून दिलं. त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी माझ्याकडून आपलं नाव कुठलं ते बोटानं दाखवून घेतलं, पान दुमडू नये म्हणून वहीत घातलं आणि दुपारी प्राचार्यांना न विचारता अर्ध्या दिवसाची रजा टाकून गावाला गेले.

लेख पाठवण्याआधी मी मित्राला पुण्याला फोन केला. वीस वर्षांनी केला असेन. तो सभ्य माणूस, हसला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि दोनच प्रश्न विचारले. वजनांचे समोरासमोरचे पृष्ठभाग शेवटचे कधी साफ केलेस, आणि पेटी कधी उघडली होती. मला राग आला. अरे, बावीस वर्षं बंद आहे पेटी, मी म्हटलं, तिला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. तो म्हणाला बरं, मग मी पुढच्या रविवारी येतो, आपण मिळून उघडून बघू आणि वजनांची अदलाबदल करू. येतो म्हणाला! इतका मोठा माणूस माझ्या तळघरात येणार म्हणून मी प्राचार्यांना सांगितलं, प्राचार्यांनी जिमचं पुढं ढकलू म्हणून सांगितलं.

पाहुणा यायचा म्हणून तळघर झाडून घेतलं. मामांनी भिंतीला चुना मारला. आधीच्या शुक्रवारी दुपारी मी म्हटलं, आपणच एकदा पेटी उघडू, रविवारी झाकण अडकलं तर शोभा होईल. स्क्रू काढले, झाकण बाजूला ठेवलं. मी बॅटरी मारून आत बघितलं.

घट्ट वजनांच्या आतल्या बाजूला, टांगलेल्या वजनांच्या बरोबर समोर, हळद-कुंकवाचं बोट होतं. दोन्ही वजनांवर एकेक. ठसठशीत, मधोमध. एकाला अक्षतेचा दाणा चिकटलेला.

मी मामांकडं बघितलं. ते हसत होते. सांगायला मिळालं म्हणून खूश होते. खंडेनवमीला दरवर्षी ते पेटीची पूजा करायचे, हे मला ठाऊक होतं. मी समोर उभा असायचो आणि त्यांना झाकणावरच बोट लावू द्यायचो, एक फूल, एक नारळ, बस. यंदा मी आजऱ्याला होतो. त्यांनी जे सांगितलं ते असं, की फौंड्रीत असताना कुंकू कधी मशीनच्या कव्हरला लावलं नाही, जिथं काम होतं तिथं लावायचं. पेटीच्या झाकणाला कुंकू म्हणजे बाईच्या कपाळाचं सोडून पदराला लावल्यासारखं, इतकी वर्षं त्यांना ते बरं वाटत नव्हतं. यंदा आपल्या दोघांची शेवटची पूजा, म्हणून नीट केली. लोंबत्या वजनांना हात लावायचा नाही एवढं त्यांना कळत होतं, ते लावलेलं नव्हतं. कुंकू सांडू नये म्हणून गोडेतेलात कालवून घेतलं होतं.

“आन त्येच्या म्होरल्याच मापाला पावलं बघा,” ते म्हणाले.

मी स्टुलावर बसलो. तेलात कालवलेलं कुंकू सुकलं की त्यातून वीज वाहत नाही. पितळाला जमिनीची तार लावलेली असली तरी त्या बोटभर डागावर आलेला विद्युतभार तिथंच बसून राहतो, आणि दोन मिलिमीटरवर तो समोरच्या वजनाला ओढतो. हवा दमट झाली की थोडा निसटून जातो. म्हणून वळवानंतर सव्वापाच. गुरुत्वाकर्षण आणि वीज एक आहेत का ते बघायला मी निघालो होतो, आणि विजेलाच गुरुत्वाकर्षण समजून पुरणपोळ्या खाऊन बसलो होतो. चार महिने बोअरची ओढ मोजली, टाकीची मोजली. मामांना एकदाही विचारलं नाही की तुम्ही काही केलंत का. त्यांना विचारायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटायचं ते फक्त ठिपका वाचतात.

तेव्हा मी जे बोललो ते लिहायला जड जातंय. पण बोललो.

“तुमच्या या एका बोटानं माझी बावीस वर्षं खाल्ली.”

मामांना वीज, भार हे काही कळलं नसेल, पण तेवढं कळलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, हातातला पेचकस टेबलावर ठेवला, झाकणाचे स्क्रू मोजून वाटीत ठेवले आणि जिना चढून गेले. मी थांबवलं नाही. मला तेव्हा त्यांचं तोंड बघायचं नव्हतं, नंतर स्वतःचंही बघवेना.

स्पिरिटच्या बोळ्यानं मी डाग पुसले. तीन-तीनदा पुसले. झाकण लावलं, तार थांबायला रात्रभर वेळ दिला आणि शनिवारी पहाटे, रस्ता जागा व्हायच्या आत, एकटाच गेलो. मूठ फिरवायची, उठायचं, भिंतीपाशी जाऊन डोळे बारीक करून वाचायचं, परत येऊन मागं फिरवायची. एकट्याचं काम नव्हे ते, गुडघे बोलायला लागले. मनात एक चोर होताच, की अजूनही पाचाच्या वर निघेल, थोडं कुंकवाचं आणि थोडं खरं असेल. साडेचार. सहा वेळा साडेचार. शेवटच्या वेळी मी न मोजताच लिहिलं असतं तरी चाललं असतं.

मित्राला फोन करून येऊ नको म्हणालो. कारण सांगितलं. तो म्हणाला की त्याच्याकडं एकदा एका विद्यार्थ्याच्या बोटाच्या तेलकट ठशानं दोन वर्षं घालवली होती. समजूत घालायला म्हणाला असेल, खरंही असेल. प्राचार्यांना सांगितलं, त्यांनी जिमवाल्याला फोन लावला. बायकोला सांगितलं तेव्हा तिनं पहिल्यांदा विचारलं, मामांना काय बोललासा? मी सांगितलं. ती म्हणाली, आधी तिकडं जाऊन या, मग जेवा.

शनिवारी भर दुपारी स्कूटर घेऊन गडमुडशिंगीला गेलो. उन्हानं डोकं ठणकत होतं. मामांचं घर मला विचारत जावं लागलं, बावीस वर्षांत मी एकदाही गेलो नव्हतो. एका पोरानं विचारलं, कुठल्या मामांचं, त्ये शास्त्रज्ञ झाल्यात त्येंचं व्हय? मी मान हलवली.

सुनेनं पाणी दिलं. मामा आतून बनियनवर बाहेर आले, मला बघून परत जाऊन शर्ट घालून आले. बसा म्हणाले. खाटेच्या वरच्या भिंतीवर, देवांच्या तसबिरींच्या रांगेत, लेखाचं पहिलं पान काचेच्या फ्रेममध्ये लावलेलं होतं. त्यांच्या नावाखाली कुणीतरी लाल पेनानं रेघ मारली होती. मी तिकडं बघतोय हे त्यांनी बघितलं आणि खाली बघायला लागले.

मी म्हटलं, माझं चुकलं, मी तसं बोलायला नको होतं. चूक माझी होती, पेटी माझी, जबाबदारी माझी. विचारायचं मी होतं. तुम्ही तर चांगल्याच मनानं केलंत. हे सगळं मी एका दमात म्हटलं, वाटेत जुळवत आलो होतो. त्यांनी मधेच विचारलं, पुसलासा काय? पुसलं म्हटलं. मग किती? साडेचार म्हटलं. त्यांनी मान डोलावली. त्यांना राग नव्हता, निदान दिसला नाही. शुक्रवारपासून त्यांच्या मनात एकच घोळत होतं, त्यांनी दोनदा म्हणून दाखवलं की मी पुसून काढायला पायजे हुतं, पूजा झाल्यावर दुसऱ्या दिवशी पुसायची असती, ह्येच इसारलो.

चहा आला. चहा होईपर्यंत आम्ही उसाच्या पाण्याचं बोललो.

मग ते उठले, खाटेवर चढले आणि फ्रेम खाली काढली. मी नको म्हटलं, राहू दे. ते म्हणाले खोटं हाय न्हवं, मग देवाजवळ कशाला? फ्रेम पालथी करून मागचे खिळे वाकवायला लागले. मी भडाभडा बोलायला लागलो. म्हटलं, मामा, हा कागद खोटा, पण आपण दुसरा लिहू. छोटा, एका पानाचा. बावीस वर्षं मापलं आणि दोन मिलिमीटरपर्यंत जादा ओढ सापडली नाही, एवढंच. तोही शास्त्रात चालतो, काही सापडलं नाही हेही सांगावं लागतं कुणीतरी. त्यावर तुमचं नाव घालतो, पहिलं घालतो.

त्यांचा हात थांबला. चेहऱ्यावर मला वाटलं त्यापेक्षा वेगळंच काहीतरी आलं, कोडं पडल्यासारखं.

“म्हंजे काय घावलं न्हाई, आसाबी कागूद आसतोय व्हय?”

“असतो,” मी म्हटलं. “तोही खराच असतो.”

त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. आवाज चढवला नाही. टोमणाही नव्हता, त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं.

“मग बावीस वर्सं मी तुमास्नी साडेचारच सांगत हुतो की सर. तवा का लिवला न्हाईसा?”

मी चहाची बशी हातात धरून बसलो. त्यांनी फ्रेममधला कागद काढून, न चुरगाळता, माझ्या पुढ्यात ठेवला.